जिथे रांग तिथे धाव

माणसाने जन्मभर एकाच खिडकीत बसावं, असं माझं आता ठाम मत झालेलं आहे. खिडकी कसलीही असो. बसलात ना? बसा. उठू नका. शेजारच्या खिडकीत गर्दी दिसली तर बघा, हळहळा, चहा प्या. पण मदतीला धावू नका. हे मी अनुभवाने सांगतोय, आणि हा अनुभव मला माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाच्या दिवशी आला.

आमच्या नागरी नोंदणी कचेरीत पाच खिडक्या आहेत. कचेरी तैवानातल्या कुठल्या गावातली ते सांगत नाही, कारण आमचे फंग साहेब अजून तिथेच आहेत. जन्म, लग्न, घटस्फोट, पत्ता बदलणे, ओळखपत्र हरवणे, सापडणे, पुन्हा हरवणे, मरणे, म्हणजे माणसाच्या ज्या ज्या भानगडीत सरकारला रस असतो त्या सगळ्या आमच्याकडे. पहिल्या दोन खिडक्या ओळखपत्र आणि पत्त्याच्या. तिसरी-चौथी लग्नाची, आणि तीच घटस्फोटाचीही. घातलं तिथेच सोडवायचं, असा सरकारी हिशेब. पाचव्या खिडकीवर पाटी आहे 'इतर नोंदी'. इतर म्हणजे मृत्यू. पण दारातून आत आल्या आल्या तो शब्द कोणाला वाचायचा असतो? म्हणून 'इतर'. गावातल्या पोरासोरांना माहीत आहे.

त्या पाचव्या खिडकीत मेइ-च्यू ताई बसतात. सोळा वर्षं. आमच्या गावात माणसं तब्येतीने जगतात, त्यामुळे ताईंना सवड असते. त्या लोकरीचे मोजे विणतात. आणि हे मोजे ताइपेईहून बदलून आलेल्या फंग साहेबांच्या डोळ्यांत खुपले.

"दोन नंबरच्या खिडकीसमोर जत्रा भरलीय," साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "आणि पाचव्या खिडकीत विणकाम चाललंय. याला काय म्हणायचं?"

याला काहीही म्हणायचं नव्हतं. मी त्या कचेरीतला दुय्यम अधिकारी, तीस वर्षं मीटिंगमध्ये काहीही न म्हणून या पदाला पोचलेला. पण त्या दिवशी कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. मी म्हणालो, "साहेब, ताईंना गर्दी असेल तेव्हा दुसऱ्या खिडकीत पाठवता येईल की."

"वा! चुआंग, योजना करा!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

घरी सांगितलं तर आमच्या पी-श्याबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या. अहो, सगळ्यांना सगळं करायला लावलं की कोणालाच काही येत नाही. तुमचंच बघा ना. नळ दुरुस्त करता, पंखा दुरुस्त करता, आणि दोन्ही मग मला बाहेरून दुरुस्त करून आणावे लागतात." या वाक्याचा योजनेशी संबंध नव्हता, म्हणून मी ते सोडून दिलं.

मग सल्ला घेतला आमच्या गल्लीतल्या न्याहारीच्या दुकानवाल्या आ-हुन वहिनींचा. सकाळी शाळा-कचेरीच्या वेळी त्या दुकानात झुंबड असते, आणि वहिनी, त्यांचा नवरा आणि सून असे तिघे मिळून ती परतवून लावतात. "त्यात काय मोठंसं?" वहिनी अंड्याचं धिरडं उलटता उलटता म्हणाल्या. "धिरड्याला गर्दी झाली की मी तव्यावर, नवरा तव्यावर. सोयाबीनच्या दुधाला गर्दी झाली की दोघं पातेल्यावर. जिथे रांग तिथे धाव! डोकं लावायचंच नाही."

केवढं सोपं! डोकं लावायचंच नाही, हे तर आमच्या खात्याला अगदीच झेपण्यासारखं होतं.

वरच्या मजल्यावर निवृत्त गणिताचे शू सर राहतात. त्यांना जिन्यात गाठलं, आणि ती चूक झाली. सरांनी वहीचा कागद फाडून त्यावर एक वाकडी रेघ काढली. ती सुरुवातीला जमिनीला चिकटून चालली होती आणि शेवटी एकदम आकाशात गेली. "चुआंग, लक्षात ठेव. सगळी माणसं सगळा वेळ कामात गुंतली ना, की रांग अशी वर जाते. अनंत! कोणीतरी रिकामं बसलेलं असणं हीच रांगेची खरी तब्येत. आणि माणूस या कामावरून त्या कामावर जाताना मध्ये वेळ जातो, तो कोण मोजणार?"

"म्हणजे ताईंना मोजे विणू द्यायचे?"

"विणू दे."

आता हे मी साहेबांना कोणत्या तोंडाने सांगणार? मी सरांचे आभार मानले, रेघ खिशात घातली आणि वहिनींची योजना लिहून काढली.

योजना अशी. प्रत्येक कर्मचाऱ्याने प्रत्येक काम शिकायचं. प्रत्येक संगणकावर प्रत्येक काम होईल अशी सोय. दारातल्या यंत्राला तीन बटणं: ओळखपत्र, लग्न, इतर. माणूस बटण दाबतो, नंबराची चिठ्ठी घेतो, बसतो. कुठल्या रांगेत किती चिठ्ठ्या शिल्लक ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसतं. आकडा दहाच्या वर गेला की तो लाल होतो, आणि लाल झाला की 'फिरत्या' कर्मचाऱ्यांनी तिकडे धावायचं. फिरते ओळखू यावेत म्हणून पिवळी जाकिटं. मलाही एक मिळालं. पदाला न शोभणारं होतं, पण साहेब म्हणाले, "अधिकारीसुद्धा फिरते!"

पहिल्या मंगळवारी योजना झकास चालली. एका तरुणाला 'ओळखपत्र कुठे हरवलं?' हे तीन वेगवेगळ्या बायकांना सांगावं लागलं आणि तिसऱ्या वेळी त्याने निराळंच ठिकाण सांगितलं, एवढं सोडलं तर तक्रार नाही. रांगा वितळल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा! मी तीन दिवस ताठ चाललो.

आणि त्याच ताठ्यात मी व्याह्यांकडे जाऊन बोलून बसलो.

आमच्या यू-छिंगचं लाय शिह-वेईशी जमलं होतं. मुलगा सोन्यासारखा, मितभाषी. बोलणं त्याच्या वाट्याचं सगळं त्याची आजी बोलायची. लाय आजी हे प्रकरण सव्वाचार फुटांचं. आईबापाविना नातवाला तिने वाढवलेलं, त्यामुळे तिचा शब्द शेवटचा आणि बहुतेक वेळा पहिलाही. तिने देवळातल्या ज्योतिषाकडून दोघांच्या जन्मवेळा जुळवून मुहूर्त काढला होता. आमच्याकडे हल्ली नोंद झाली की लग्न झालं, जेवणावळ मागाहून. म्हणजे मुहूर्त कशाचा, तर आमच्या कचेरीतल्या शिक्क्याचा. पंचांगातला तो मोठा शुभ दिवस होता. सकाळी नऊ ते अकरा.

"अकरा वाजले की दार बंद," आजी म्हणाली. "मग दोघांच्या राशींना जुळणारा दिवस थेट पुढच्या वर्षीच्या शेवटी. तोवर माझ्या घरात लग्न नाही. मी त्याच्या आईबापांचा मुहूर्त न बघता लग्न लावू दिलं होतं. पुन्हा नाही."

आणि शिह-वेईला तर त्याच महिन्यात कंपनी दोन वर्षांसाठी व्हिएतनामला पाठवणार होती, बायकोसकट. बायको असली तर.

"आजी," मी छाती काढून म्हणालो, "नऊला चिठ्ठी घ्या, सव्वानऊला नवरा-बायको. योजनाच माझी आहे!"

"बाबा, पण ओळख लावायची नाही हं," यू-छिंग म्हणाली. "रांगेतून. सगळ्यांसारखं." पोरगी माझ्यावर गेली आहे. त्या वेळी मला याचा अभिमान वाटला.

त्या शुभ दिवशी सकाळी दार उघडलं. पंचांग काय फक्त लाय आजीच्या घरी होतं? आख्ख्या गावातली लग्नं आमच्या पायऱ्यांवर उभी होती. लाल झगे, पांढरे झगे, फुलं, आया, मावश्या, फोटोवाले. पण मी घाबरलो नाही. अंगात पिवळं जाकीट होतं, आणि चिठ्ठीच्या यंत्रावर कालच हिरव्या पाकिटातले मक्याचे कुरकुरे ठेवले होते. यंत्रावर ते ठेवले की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पाकीट मात्र हिरवंच हवं आणि मुदत संपलेली नसावी. आमच्या कचेरीत हे पाकीट बदलायची जबाबदारी माझ्याकडे आहे.

यंत्र शहाण्यासारखं वागलं. माणसं वागली नाहीत.

माझी लेक दारातून आत आली. साधा लाल झगा, केसांत एक फूल. माझ्याकडे बघून हसली आणि तिने बटण दाबलं. चिठ्ठी आली: तीनशे चार.

"चार?" लाय आजी किंचाळली. आमच्याकडे चार हा मरणाचा आकडा. "लग्नाच्या दिवशी चार? फेक ती!"

"आजी, पण लवकरचा नंबर आहे," शिह-वेई पुटपुटला. त्या महिन्यातलं त्याचं हे बहुधा सर्वांत लांब वाक्य.

"फेक म्हणते ना!"

आजीने स्वतः बटण दाबलं. तीनशे पाच. "भरभराटीचा आठ हवा. निदान सहा." पुन्हा दाबलं. पण मागे दुसरी आई उभी होती, तिलाही आठच हवा होता. तिसऱ्या मुलीच्या काकाला तर अठ्ठ्याऐंशीच हवा होता. मग जे सुरू झालं ते काय सांगू! जो तो बटण दाबतोय, चिठ्ठी बघतोय, नाक मुरडतोय, फेकतोय. शेवटी आजीला तीनशे अडुसष्ट मिळाला आणि ती तृप्त होऊन खुर्चीत बसली. खाली जमिनीवर नाकारलेल्या चिठ्ठ्यांचा सडा. आत जेमतेम वीस जोडपी, आणि पडद्यावर लग्नाच्या रांगेत साठच्या वर माणसं!

आकडा लालभडक झाला. पिवळी जाकिटं धावली. लग्नाच्या दोन खिडक्यांत तीन बायका कोंबून बसल्या. आणि छाओ-रोंग नावाचा आमचा सज्जन कारकून, ज्याला घाई हा शब्द शिकवायचा राहून गेला होता, तो नियमाप्रमाणे एकेक नंबर तीन-तीनदा पुकारू लागला. "तीनशे नऊ... तीनशे नऊ... तीनशे नऊ." तीनशे नऊ खुर्चीखाली पडला होता. "तीनशे दहा..."

"चुआंग," साहेबांनी मला खांबाआड ओढलं. "ही कोणाची रांग आहे? मला माणसं दिसत नाहीत आणि पडदा म्हणतो साठ."

"साहेब, ही नको असलेल्या नंबरांची रांग आहे."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की पाठीवरची ती जुनी थाप त्यांना परत हवी असावी.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण एका मावशीच्या लक्षात आलं की लग्नाचे नंबर तीनशेपासून सुरू होतात, आणि 'इतर'च्या बटणावर मात्र सुटे, छोटे, गोंडस नंबर मिळतात. आठ! नुसता आठ! तिने 'इतर' दाबायला सुरुवात केली. ती बाहेरगावची होती, तिला आमचं 'इतर' माहीत नव्हतं. तिचं बघून आणखी चार बाहेरगावच्या मावश्यांनी तेच केलं. आठच्या पुढे अठरा, अठराच्या पुढे अठ्ठावीस. मग कोणीतरी त्यांच्या कानात 'इतर' म्हणजे काय ते सांगितलं, आणि चिठ्ठ्या हातात पाल पडल्यासारख्या जमिनीवर पडल्या.

पण पडद्याला हे कोण सांगणार? पडद्यावर 'इतर'चा आकडा लाल झाला. गावात साथ आल्यासारखा. आणि माझ्या तीन फिरत्या बायका, ज्यांना मीच 'डोकं लावायचंच नाही' असं बजावलं होतं, त्या लग्नाची कामं टाकून पाचव्या खिडकीकडे धावल्या.

तिथे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. एकटे. करडा सदरा, मांडीवर पिशवी. बायको गेली म्हणून नोंद करायला आले होते. एकाएकी त्यांच्यासमोर मेइ-च्यू ताईंसकट चार बायका उभ्या राहिल्या. एकीने पाणी दिलं, एकीने पेन दिलं, एकीने नाव विचारलं, आणि चौथीला काही उरलं नाही म्हणून तीही नावच विचारू लागली. आजोबा गोंधळून उठून उभे राहिले. "माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

इकडे लग्नाच्या खिडक्यांवर बोंब सुरू झाली. मी हात हलवून दोघींना परत बोलावलं. त्यातली एक चौथ्या खिडकीत येऊन बसली, हसली, समोरच्या नवरीचे कागद घेतले. नवरीच्या बाहेरगावच्या आईने तिच्याकडे रोखून बघितलं.

"तुम्ही आत्ता कुठून आलात?"

"पाचव्या खिडकीतून."

"तिथे काय असतं?"

आमच्या त्या कर्मचारी मुलीला खोटं बोलायचं प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. तिने सांगितलं.

जी किंकाळी उठली ती समोरच्या पूजेच्या पाल्याफुलांच्या दुकानापर्यंत गेली असावी, कारण दुकानवाली आपण होऊनच सुतक धुवायचा पाला आणि बादली घेऊन आली. आमच्या दारात मदतीला बसणाऱ्या स्वयंसेवक बाईंनी तो पाण्यात बुडवून त्या मुलीच्या डोक्यावर, खांद्यावर शिंपडला. मग दुसरीवर. मग संगणकावर शिंपडायला निघाल्या तेव्हा मी आडवा पडलो. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायला आता अंघोळीइतका वेळ लागत होता. शू सर म्हणाले होते तो मधला वेळ हाच असावा.

"माणूस शुद्ध झाला," नवरीची आई म्हणाली, "पण शिक्का? तो तिच्याच हातात होता ना?"

साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम काढला: 'इतर' नोंदीला हात लावलेला कर्मचारी आज लग्नाच्या खिडकीत बसणार नाही. ऐकायला सोपं होतं. पण माझ्या योजनेत याचा अर्थ काय झाला, बघा. लग्नाकडून इतरकडे जायला रस्ता मोकळा. इतरकडून लग्नाकडे यायला बंद. पडदा तर भुतांची रांग बघून लालच. म्हणजे माझी माणसं एकेक करून उतारावरून पाणी जावं तशी पाचव्या खिडकीत जाऊन साठली, आणि वर कोणी उरलंच नाही. मी घड्याळाकडे बघितलं. साडेदहा वाजून गेले होते, आणि लग्नाच्या खिडकीत एकटा छाओ-रोंग उरला होता. "तीनशे एकोणसाठ... तीनशे एकोणसाठ..."

पी-श्या माझ्याजवळ आली. कुजबुजत म्हणाली, "अहो, पोरगी रडतेय."

मी बघितलं. रडत नव्हती. ओठ दाबून पडद्याकडे बघत होती, आणि हे लहानपणापासून तिचं रडणंच. शिह-वेईने तिचा हात धरला होता. आजी घड्याळाकडे बघत होती. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

तीनशे सहासष्ट पुकारलं आणि एक जोडपं हसत पुढे गेलं. चाळिशीतलं, नीटनेटकं. मला धीर आला. यांच्यामागे एक नंबर, मग आपणच.

"आम्हाला घटस्फोटाची नोंद करायचीय," ती बाई म्हणाली.

"आज?" छाओ-रोंगच्या तोंडून निघून गेलं.

"का? शुभ दिवस फक्त त्यांनाच लागतो का?" ती म्हणाली. "आम्हीही मुहूर्त बघून आलोय. पहिल्या वेळी बघितला नव्हता, तर काय झालं ते दिसतंच आहे."

छाओ-रोंगने त्यांचं काम केलं. सावकाश, मन लावून. त्या दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि ती दोन वेगवेगळ्या दारांनी गेली. मागच्या रांगेतली सगळी जोडपी एक पाऊल मागे सरकली. तीनशे सदुसष्ट कोणाचाच नव्हता. तोही तीनदा पुकारून झाला.

"तीनशे अडुसष्ट."

लाय आजी उठली नाही. "त्या माणसाच्या हातून नाही," ती म्हणाली. "आत्ता घर मोडलं त्याने. त्याच हाताने माझ्या नातवाचं मांडायचं?"

अकराला दहा मिनिटं कमी. आता मात्र मी माणूस झालो, म्हणजे बाप झालो. चौथी खिडकी रिकामी होती. मी कोणाच्याही सुतकात नव्हतो, सकाळपासून कुठल्याही कागदाला हात लावला नव्हता. अधिकाऱ्याला तेवढं जमतं. मी तडक जाऊन खुर्चीत बसलो आणि शिक्का उचलला. "या! मी करतो!"

"चुआंग," मागून साहेबांचा आवाज आला. "अर्जदार आपली कोण?"

"मुलगी."

"नात्यातल्या माणसाचं काम अधिकाऱ्याने करू नये, अशी सूचना भिंतीवर कोणी लावलीय?"

मीच लावली होती. चौकटीसकट. शिक्का खाली ठेवताना त्याचा ठसा माझ्याच जाकिटावर उमटला.

"मग कोण?" आजी उभी राहिली. "एकाच्या हाताला मोडलेलं लग्न, एकाच्या हाताला नातं. या कचेरीत माणसं आहेत की नुसत्या खिडक्या?"

"पाचवी खिडकी आहे, आजी," यू-छिंग म्हणाली. "तिथे चारजणी बसल्यात. सगळ्यांना सगळं येतं. बाबांनीच तशी योजना केलीय."

एका नवरीने कानांवर हात ठेवले. मला वाटलं, आता आजी नातवाला ओढत घरी नेणार, तो व्हिएतनामला जाणार आणि माझी लेक जन्मभर मला ती तीनशे अडुसष्टची चिठ्ठी दाखवत राहणार.

आजी चालू लागली. पण दाराकडे नाही, पाचव्या खिडकीकडे. त्या म्हाताऱ्या गृहस्थांपाशी जाऊन उभी राहिली. त्यांचं काम नुकतंच संपलं होतं आणि ते कागद पिशवीत ठेवत होते.

"किती वर्षांचा संसार?" आजीने विचारलं, अगदी भाजी कितीला विचारावं तसं.

"एकोणपन्नास झाली होती."

"भांडायची का?"

"रोज," आजोबा म्हणाले. "गेल्या महिन्यात भांडायची बंद झाली. तेव्हाच कळलं मला."

आजीने मान डोलावली. मग आमच्याकडे वळली आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या तिकडच्या खिडकीत लग्नं मोडतात. या खिडकीत येतात ती शेवटपर्यंत टिकलेली. मग शुभ कोणती? शिह-वेई, ये इकडे! व्याहीबुवा, तोंड मिटा आणि बाजूला व्हा."

मी बाजूला झालो. मेइ-च्यू ताईंनी विणकाम दूर सारलं आणि दोघांचे कागद पुढ्यात ओढले. माझ्या मागे जोडप्यांमध्ये कुजबूज सुरू झाली, खुर्च्या सरकल्या, आणि बघतो तर तीनशे सत्तर, तीनशे शहात्तर, तीनशे अठ्ठ्याऐंशी असे सगळे लाल-पांढरे झगे पाचव्या खिडकीसमोर रांग धरून उभे. साहेब पडद्याकडे बघत होते, मग खिडकीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "ही योजना चालली की फसली, चुआंग?" त्यांनी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. अजूनही नाही.

शिक्का बसला. घड्याळात अकरा वाजायचे होते, थोडेसेच. ताईंनी नवीन ओळखपत्रं दोन्ही हातांनी पुढे केली. एकाच्या पाठीवर दुसऱ्याचं नाव छापलेलं, माझ्या लेकीच्या कार्डाच्या पाठीवर आता त्या मितभाषी पोराचं. यू-छिंगने ते वाचलं आणि इतक्या वेळाने हसली.

आणि मग ताई उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या, आणि सोळा वर्षांच्या सवयीने, अगदी मनापासून म्हणाल्या, "स्वतःला सांभाळा. जाणारं माणूस जातंच, मागे राहिलेल्यांनी धीर धरायचा."

ताईंनी जीभ चावली. शिह-वेईने भांबावून 'आभारी आहे' म्हटलं. लाय आजीने श्वास ओढून घेतला आणि आता काय तोफ सुटते म्हणून सगळे डोळे मिटून उभे राहिले.

पण त्याआधीच कोणीतरी मोठ्याने "हो ताई" म्हणालं, आणि ढसाढसा रडू लागलं. पिवळ्या जाकिटातला अधिकारी होता तो. लाज वाटायची वेळ केव्हाच निघून गेली होती. माझी यू-छिंग चालली होती, आणि सकाळपासून हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. करड्या सदऱ्यातल्या आजोबांनी आपली पिशवी उघडली, आमच्याच कचेरीने त्यांना दिलेला कागदी रुमालांचा पुडा बाहेर काढला आणि माझ्या हातात ठेवला.